काकूबाईच्या खात्यावर

वाचक लिहितात :

प्रिय ताई,

वय ४७, राहणार सहकारनगर. एम.कॉम. आहे, बावीस वर्षं अकाउंट्समध्ये काढली. सध्या बाणेरच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत हिशेब बघते. गेल्या महिन्यात आमच्याकडे हाउसिंग सोसायट्यांच्या मेंटेनन्ससाठी एक ॲप तयार होत होतं. मीटिंगमध्ये एक मुलगा म्हणाला, "इतकं सोपं पाहिजे, की काकूबाईलाही जमलं पाहिजे." लगेच एक मुलगी म्हणाली, "अरे, मग आपल्याकडे आहेत ना! काकूंनाच देऊ टेस्टला." हशा पिकला. मीही हसले. त्या दिवशी आमची बाई आली नव्हती, म्हणून मी घरातलं सगळं उरकून घामाघूम होऊन पोचले होते, अवतारही तसाच होता.

ॲप बघून मी चार चुका काढून दिल्या. त्यांच्या यादीत त्या "काकू फीडबॅक" अशा मथळ्याखाली गेल्या.

घरी येऊन लेकीला सांगितलं. ती फर्ग्युसनला आहे. म्हणाली, "आई, पण तू आहेसच ना गं काकूबाई! दोन्ही खांद्यांना पिना लावून ओढणी आता कोण घेतं?" प्रेमानंच म्हणाली. तरी रात्रभर डोळा लागला नाही. खरं सांगायचं तर नवीन लग्न होऊन आले, तेव्हा मीही मोठ्या जाऊबाईंना मनातल्या मनात हेच म्हणायचे.

केस कापू का? कपडे बदलू? की हा शब्द हसून पदरात घेऊ? आणि मुख्य म्हणजे, मी हसले का?

— एक काकूबाई, सहकारनगर



ताईंचं उत्तर :

सही वाचली आणि आधी तुमच्यावरच चिडले. पत्रभर ज्या शब्दाचा काटा टोचतोय म्हणता, तोच खाली नाव म्हणून लावलात! मी काही तुम्हाला त्या नावानं हाक मारणार नाही. हिशेबनीसबाई म्हणते. यातला "बाई" मुद्दाम ठेवलाय. मी स्वतः एकतीस वर्षं शाळेत "बाई" होते, आणि त्या शब्दाशी माझं अजून तरी भांडण नाही.

बघा ना, काकू म्हणजे चुलती, घरातलं मानाचं माणूस. बाई तर त्याहून मोठा शब्द. अहिल्याबाई, सावित्रीबाई, रमाबाई. नावापुढे बाई लागली की मान झुकायची. आणि हे दोन मान एकापुढे एक ठेवले की होतो अपमान! मराठीत अशी बेरीज दुसरी कुठे होत असेल, असं मला तरी आठवत नाही.

बाईची घसरण हळूहळू झाली. गाण्याच्या दुनियेतलं एकच घर घ्या. आई मोगूबाई कुर्डीकर, लेक किशोरीताई आमोणकर. गाणं तेच, घराणं तेच, पण एका पिढीत बाईची ताई झाली. माझ्या शाळेत हेच मी डोळ्यांदेखत पाहिलं. नवीन मुख्याध्यापिका आल्या आणि पहिल्याच आठवड्यात सूचना निघाली, "बाई" म्हणायचं नाही, "मॅडम" म्हणायचं. पोरांना सवय व्हायला वर्ष गेलं. मधले काही महिने ती "बाई मॅडम" म्हणत होती. शाळेत घंटा देणाऱ्या, पाणी भरणाऱ्या होत्या त्यांना मात्र "मावशी" म्हणायचं. त्यांच्या बाबतीत सूचना निघायची गरज कुणाला वाटली नाही. आपल्या पुण्यात नात्याच्या हाका अशा पगाराप्रमाणे वाटलेल्या असतात. फ्लॅटची मालकीण काकू, तिथे भांडी घासणारी मावशी, आणि दोघींची वयं एकच.

याच ओळीवरून तुमच्या पत्रातल्या एका वाक्याकडे येते. "आमची बाई आली नव्हती." तुमच्याकडे किती वर्षं येतात त्या? नाव काय त्यांचं? रागावू नका, मीही तसंच बोलत आले, जीभ वळणावर गेलेली असते. पण ज्या आठवड्यात एका शब्दानं तुमची झोप उडवली, त्या आठवड्यात ही ओळ तुमच्याच हातून उतरली. म्हणून दाखवली. पुढे जाऊ.

आता केस आणि कपडे. थेट सांगते, कात्रीला हात लावू नका. केस कापायची हौस असेल तर खुशाल कापा, पण काकूबाईपणा जावा म्हणून कापणार असाल तर पैसे फुकट. कारण काकूबाईची खूण एका जागी थांबतच नाही. मी लहान होते तेव्हा आमच्या वाड्यात नऊवारीवाल्या त्या जुन्या वळणाच्या आणि पाचवारीवाल्या त्या नव्या. मग लूना आली. १९७२ साली ही मोपेड निघाली आणि बघता बघता पुण्याच्या बायका साडीच्या निऱ्या सावरत तिच्यावर बसायला लागल्या. तेव्हा लूनावाली बाई म्हणजे केवढी धीट! पुढे तीच "पाचवारीतली लूनावाली" काकूबाई ठरली, कारण तोवर पंजाबी ड्रेस आला होता.

या पंजाबी ड्रेसची गोष्ट तुमच्या लेकीला ठाऊक नसेल. तिला सांगा. लग्न झालेल्या बाईनं ड्रेस घालायचा की नाही, यावर ऐंशीच्या दशकात पेठांतल्या कित्येक घरांत अबोले धरले गेले आहेत. माझी एक मैत्रीण सदाशिव पेठेतल्या सासरहून साडी नेसून निघायची. शाळेची सहल असली की माझ्या घरी येऊन ड्रेस घालायची, संध्याकाळी पुन्हा साडी, मग घरी. वर्षभर असं चाललं. एकदा कुंकवाचा डाग ओढणीला लागलेला सासूबाईंनी दोरीवर पाहिला आणि महाभारत झालं. शेवटी सासऱ्यांनीच सांगितलं, "घालू दे तिला, सायकलवर बरा." ज्या कपड्यासाठी ती वर्षभर चोरासारखी वागली, तो आज तुमच्या लेकीच्या दृष्टीनं काकूबाईचा गणवेश आहे. आता बोला, तुम्ही कुठला कपडा घालाल म्हणजे सुटाल? जीन्स? दहा वर्षं थांबा, "आईजीन्स" म्हणून तिची टिंगल होईल. कदाचित सुरूही झाली असेल.

आणि त्या दोन पिना! तुम्ही सहकारनगरहून बाणेरला दुचाकीवरून जात असणार, नाही का? ओढणी चाकात गेली तर काय होतं, हे पुण्यात दुचाकी चालवणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत आहे. कुणाची तरी हकिकत ऐकलेली असतेच. दोन्ही खांद्यांना पीन लावणारी बाई जुन्या वळणाची असेलही, पण ती गाडी चालवणारी आहे, एवढं नक्की. लेकीला हे सांगायला हरकत नाही. तसंही सकाळी नऊ वाजता सिग्नलला बघा. तोंडाला स्कार्फ, डोळ्यांवर गॉगल, हातात ते कोपरापर्यंतचे मोजे, वर सनकोट. त्यात कॉलेजची मुलगी कुठली नि काकूबाई कुठली, हे ट्रॅफिक पोलिसालाही सांगता येत नाही. कागदपत्रं दाखवायला स्कार्फ काढावा लागला, की मग वय बाहेर येतं.

सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी हाच टोमणा उलट्या बाजूनं यायचा. रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणी १९१० साली प्रसिद्ध केल्या. रानड्यांच्या घरात त्या लिहायला-वाचायला, पुढे इंग्रजी शिकायला लागल्या, तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी त्यांना किती छळलं, ते त्यांनी मोकळेपणानं लिहिलंय. म्हणजे तेव्हा चार जणींसारखी राहत नाही म्हणून बोलणी, आणि आता चार जणींसारखी दिसते म्हणून. बोलणी खाणारी बाईच.

पुरुषाला असं नाव आहे का, यावर मी थोडा विचार केला. "काका" म्हणतात खरं. खिशाला पेन, हाफ बाह्यांचा शर्ट, बँकेच्या रांगेत व्याजदरावर भाषण. पण त्या "काका"त थोडा लाड असतो, आणि "काकापणा" असा शब्द मी तरी ऐकला नाही. साध्यासुध्या पुरुषाला तर आपण डोक्यावर घेतलं. तुमच्या ऑफिसच्या वाटेवरच, सेनापती बापट रस्त्यावर सिंबायोसिसच्या आवारात आर. के. लक्ष्मण यांच्या कॉमन मॅनचा ब्राँझचा पुतळा उभा आहे. धोतर, चौकड्यांचा कोट, चष्मा. १९५१ पासून हा माणूस वर्तमानपत्रात रोज सकाळी यायचा आणि जन्मात एक शब्द बोलला नाही. बोलायची ती त्याची बायको. अंगानं जाडसर, केसांचा अंबाडा, दरवाढीपासून मंत्र्यांपर्यंत सगळ्यावर मत. आपण म्हणतो तशी नेमकी काकूबाई! न बोलणाऱ्याचा पुतळा झाला. बोलणारीचा काही झाला नाही. मी त्या रस्त्यानं जाते तेव्हा दर वेळी वाटतं, बाईसाहेब कुठे गेल्या? भाजी आणायला गेल्या असतील.

आता खरा मुद्दा. लेकीचं "काकूबाई" आणि ऑफिसातलं "काकूबाई" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही त्या एकाच रात्री एकत्र केल्यात, म्हणून झोप लागली नाही.

लेक एकोणीस-वीसची असेल. त्या वयात आईसारखं दिसायचं नसतं, एवढाच त्याचा अर्थ. तुम्हाला जाऊबाई तशा दिसायच्या, तेव्हा तुम्हीही नव्यानं आलेल्या होतात आणि आपणही दहा वर्षांनी अशाच होऊ की काय, ही धास्ती होती. खरं ना? जाऊबाईंनी तुमचं काही वाईट केलं असं तुम्ही लिहिलेलं नाही. लेकीचं तेच चाललंय. तिला भाषण देऊ नका, विशेषतः सावित्रीबाई आणि १८४८ चा भिडे वाडा यातलं तर अजिबात नको. ती पाचवीपासून त्यावर निबंध लिहित आलीय. कधीतरी एकत्र लक्ष्मी रोडला जा, तिला तुमच्यासाठी कापड निवडू द्या, आणि आवडलं नाही तर सरळ नको म्हणा.

ऑफिसचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. तुम्ही काढलेल्या चार चुका वेगळ्या कागदावर पाठवल्यात, त्या मी दोनदा वाचल्या. आर्थिक वर्ष १ एप्रिलऐवजी १ जानेवारीपासून धरलंय. एकाच मालकाचे दोन फ्लॅट असतील तर पावती कुठल्या फ्लॅटची, ते कळत नाही. आलेली रक्कम आधी थकबाकीवरच्या व्याजात वळती करायची की मुद्दलात, हे ॲपनं कुठे विचारलेलंच नाही. आणि चौथी चूक तर फारच मोठी. फ्लॅट भाड्यानं दिला की सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लावते, ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत. राज्य सरकारचा २००१ चा आदेश आहे. ॲप ते दहा टक्के अख्ख्या बिलावर काढत होतं, महापालिकेचा कर धरून!

सांगा, हे काकूबाईचं काम आहे का? काकूबाईला दाखवायचं कशासाठी, तर बटण सापडतं की नाही ते बघायला. तुम्ही बटणांबद्दल एक अक्षर बोलला नाहीत. बावीस वर्षं ताळेबंद जुळवलेल्या बाईनं हिशेबातली आणि नियमातली खोट काढली. उद्या हे ॲप दोनशे सोसायट्यांना विकलं असतं आणि प्रत्येक सोसायटीच्या वार्षिक सभेत एक तरी निवृत्त गृहस्थ तो २००१ चा आदेश घेऊन उभे राहिले असते. (पुण्यात असतातच. आमच्या सोसायटीत दोन आहेत, दोघांकडे फायली आहेत.) कंपनीची अब्रू तुम्ही वाचवलीत, आणि नोंद कुठे झाली? काकूच्या खात्यावर. ज्या खात्याला नाव नाही, पगार नाही, बढती नाही.

चुकीच्या खात्यावर जमा झालेली रक्कम दिसली तर तुम्ही काय करता? रडत नाही, भांडत नाही. दुरुस्तीची नोंद टाकता. इथेही तेच. आजच्या आज मॅनेजरना एक मेल लिहा, चार ओळींचा. "ॲपच्या बिलिंगमध्ये मला आढळलेल्या चुका खालीलप्रमाणे," मग चार मुद्दे, चौथ्यापुढे नियम, खाली पूर्ण नाव आणि हुद्दा. त्या मथळ्याबद्दल एवढंच : "यादीत या नोंदी 'काकू फीडबॅक' अशा आहेत, त्या 'अकाउंट्स' अशा कराव्यात." मनाला लागलं वगैरे लिहू नका. लागलं नाही म्हणून नव्हे. ते लिहिलंत की चर्चा तुमच्या मनाची होईल, व्याजाची राहून जाईल. "काकू, मनावर नका घेऊ हं," असं म्हणून कुणीतरी चहा आणून देईल, आणि संपलं.

आणि तो मुलगा पुन्हा "काकूबाईलाही जमलं पाहिजे" म्हणाला, तर अगदी साध्या आवाजात विचारा, "ही काकूबाई म्हणजे नक्की कोण? वय किती? फोन कुठला? मराठीत वाचते की इंग्रजीत? सोसायटीत सदस्य आहे की खजिनदार?" हा टोला नाही, कामाचाच प्रश्न आहे. त्याच्या डोक्यात जी बाई आहे, तिला फोन जमत नाही. खरी बाई दूधवाल्याला क्यूआर कोडनं पैसे देते, नळाला पाणी कमी आलं की सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकते आणि महिन्याचा भिशीचा हिशेब पाठ म्हणून दाखवते. ॲप तिच्यासाठी बनवायचं असेल तर आधी ती कोण ते बघावं लागेल. विचारून बघा. खोली थोडा वेळ गप्प होईल, होऊ दे. तुम्ही त्या वेळी हसून ती शांतता भरून काढू नका, एवढंच सांभाळा.

राहिलं तुमचं हसणं. त्यावर फार चरफडू नका. पंधरा माणसांच्या खोलीत सगळे हसत असताना एकटीनं न हसणं फार महाग पडतं, आणि हसणं स्वस्त असतं, म्हणून आपण हसतो. आमच्या स्टाफरूममध्ये एक बाई होत्या, श्रीखंडाच्या जुन्या डब्यातून पोळीभाजी आणायच्या, उरलेले खडू कागदात बांधून ठेवायच्या. त्यांना मागे "काकूबाई" म्हणायची सुरुवात मी केली होती. त्यांच्या कानावर गेलं, त्या माझ्यासमोर हसल्या. निवृत्तीच्या वेळी माझे भविष्यनिर्वाह निधीचे कागद अडकले, तेव्हा कुठला फॉर्म कुणाकडे द्यायचा हे अख्ख्या शाळेत एकट्या त्यांना माहीत होतं. दोन दुपारी बसून त्यांनी माझं सगळं लावून दिलं. त्या हसल्या होत्या तेव्हा त्यांना काय वाटलं होतं, हे विचारायचं मला कधी सुचलं नाही, आणि सुचलं तेव्हा त्या राहिल्या नव्हत्या. तुमच्या जाऊबाई आहेत ना? कुठे असतात? फोन करा एकदा. या विषयावर बोलायलाच पाहिजे असं नाही.

"हसून पदरात घेऊ का" याचं उत्तर राहिलं. हल्ली काही जणी टी-शर्टवर वगैरे छापून घेतात, "होय, मी काकूबाई." ज्यांना जमतं त्यांनी करावं. मला ते थोडं कष्टाचं वाटतं. शेजारच्या पोरांनी "काकू, बॉल द्या" म्हटलं तर द्या, ती काकू चांगली आहे. मंडईत कुणी "काकू, मटार घ्या" म्हटलं तर भाव विचारा. बाकीच्या ठिकाणी तुम्हाला आईवडिलांनी एक नाव ठेवलेलं आहे, ते तुम्ही मला लिहिलेलं नाहीत. मेलखाली मात्र नक्की लिहा.

आणि हो, त्या व्याजाच्या चुकीचं पुढे काय झालं, ते कळवा. आमचे चेअरमन सोसायटीसाठी असलंच एक ॲप घ्यायचं म्हणताहेत, पुढच्या रविवारी सभा आहे.